बिहेवियरल ॲक्टिव्हेशनमध्ये (छोटी-छोटी कामं ठरवून करत मूड सुधारायची उपचारपद्धत) डिप्रेशनचा पेशंट ठरवलेली कामं करूनच येत नाही, काय करावं?

काम आणखी लहान करा आणि वार, वेळ, जागा सेशनमध्येच लिहून घ्या. ‘रोज फिरायला जाईन’ हे बहुतेक वेळा फसतं; ‘मंगळवारी साडेसातला चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत’ हे जमतं, कारण इथे इच्छा होण्याची वाट बघायचीच नसते. आधी कृती, मूड मागाहून. पहिला आठवडा मात्र काहीही बदलायला सांगू नका. तासागणिक काय केलं आणि मूड ० ते १० मध्ये किती, एवढीच नोंद. दुपारी मोबाइल घेऊन अंथरुणात पडलं की आकडा कसा घसरतो, ते पेशंटला स्वतःलाच दिसतं. पुढचं सेशन त्या वहीपासूनच सुरू करा. शेवटच्या पाच मिनिटांवर ढकललंत तर तो लिहिणं सोडेल (आणि त्यात त्याची चूक नाही). काम झालं नसेल तर ‘का नाही केलं?’ नको, नेमकं कुठे अडलं ते विचारा. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी ६ ते ८ सेशनमध्ये ही पद्धत वापरली होती. २०१७ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या त्या चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त गुण आला. आत्महत्येचे विचार किंवा बायपोलरची (कधी डिप्रेशन, कधी अतिउत्साह असा आजार) शंका असेल तर मात्र आधी सायकिअॅट्रिस्टकडे पाठवा.