ब्लूटूथचा मल्टीमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचा मीटर) फोनला कसा जोडायचा? आणि त्याचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण रोज नाही. सॉकेटला करंट येतो का एवढंच बघायचं तर मीटरचा पडदा पुरे. खरी गंमत मीटर एकीकडे आणि आपण दुसरीकडे असताना.

आमच्या फोंड्याच्या घरी विहिरीवरचा पंप सुरू झाला की दिवे मिणमिणायचे. मेन बोर्डात मीटर लावून ठेवला, फोन घेऊन पंपाकडे गेलो आणि स्विच दाबला. २२८ व्होल्टवरचा आकडा थेट १८५ वर! पंप चालू होता तोवर २०० च्या वर चढलाच नाही. मेन स्विचचा एक स्क्रू सैल होता. वायरमनने आवळला, काम झालं.

जोडताना बहुतेक जण एकच चूक करतात: फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन मीटर शोधतात. तिथे नको, मीटरच्या ॲपमधूनच जोडा. अँड्रॉइड ११ किंवा जुना असेल तर लोकेशनही चालू लागतं, नाहीतर मीटर दिसतच नाही. उघड्यावर दहाएक मीटर अंतर आरामात मिळतं, पण आपल्या चिऱ्याच्या जाड भिंती मध्ये आल्या की निम्म्यावर येतं.

तासन्‌तास नोंद ठेवायची असेल तर मीटरचं आपोआप बंद होणं आधी काढून टाका. माझी एक अख्खी रात्र त्यातच फुकट गेली.

आणि मेन बोर्डासाठी मीटर निदान ‘कॅट ३, ६०० व्होल्ट’ या सुरक्षा दर्जाचा तरी घ्या. लाल प्रोब (मोजायची लाल वायर) मीटरवरच्या अँपिअरच्या भोकात चुकून राहिला नाही ना, हे दोनदा बघा.