शाळा-कॉलेजच्या वयात पाहिलेली कोणती मालिका तुम्हाला आजही जिवाभावाची वाटते, आणि का?

'रीमिक्स'. दुसरं नाव मनात येतच नाही.

२००४ च्या नोव्हेंबरात स्टार वन ही वाहिनी सुरू झाली आणि तिच्यासोबतच ही मालिका आली. मौर्या हाय नावाची बड्या घरच्या पोरांची शाळा, तिथली चार मुलं आणि त्यांचा बँड, एवढीच गोष्ट. नटण्यामुरडण्याची हौस असलेली टिया (श्वेता गुलाटी), कोणालाच न जुमानणारी अन्वेषा (प्रिया वाल), लाडात वाढलेला युवराज (करण वाही, त्याचं हे पहिलंच काम) आणि मनात काहीतरी धरून शाळेत आलेला रणवीर (राज सिंह अरोरा).

नागपुरात, निदान आमच्या महाल भागातल्या घरी, संध्याकाळचा टीव्ही तेव्हा सासू-सुनांचा असायचा. त्या मालिकांमध्ये शाळकरी मुलगी दिसलीच तर मोठ्यांच्या बोलण्यात मधून डोकावून जाण्यापुरती. इथे आमच्या बरोबरीच्या मुली चिडत होत्या, उलट उत्तरं देत होत्या, गात होत्या आणि अख्खी गोष्ट त्यांच्याभोवती फिरत होती.

लोडशेडिंगचे दिवस होते ते. ऐन वेळेला लाइट गेली की मी धरमपेठेतल्या मैत्रिणीला लँडलाइनवरून फोन लावायची. तिच्याकडे लाइट असली तर ती आधी घाईघाईने काय झालं ते सांगायची आणि गाणं लागलं की रिसीव्हर सरळ टीव्हीच्या स्पीकरला लावायची. अंधारात फोन कानाला घट्ट दाबून मी ते खरखरतं गाणं ऐकायची आणि मेणबत्तीच्या उजेडात वहीच्या मागच्या पानावर शब्द उतरवून घ्यायची. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "ठेव न बाप्पा तो फोन आता, बिल किती येईल!"

लोकांना त्यातल्या जोड्या आवडायच्या, टिया-रणवीर, अन्वेषा-युवी. मला विचाराल तर पुढे पुढे ती प्रेमप्रकरणं फारच ताणली. मालिकेचा खरा जीव टिया आणि अन्वेषामध्ये होता. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या त्या दोघी गाण्यासाठी एका स्टेजवर उभ्या राहायच्या. भांडण मिटलेलं नसायचं, तरी गाणं रंगायचं. त्या वयात आम्हाला एकच माहीत होतं, कट्टी म्हणजे कट्टी. पुढे शाळेच्या गॅदरिंगला आमच्या वर्गाने समूहगीत बसवलं, तेव्हा वर्षभर माझ्याशी न बोललेली मुलगी माझ्या शेजारी उभी होती. कडव्याच्या शेवटी माझा श्वास कमी पडायचा. तालमीत एक शब्दही न बोलता तिने ती ओळ उचलायला सुरुवात केली. आम्ही दोघीही 'रीमिक्स' बघत होतो, हे मात्र आम्हा दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

'रीमिक्स'च्या गोष्टीचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. मूळ मालिका अर्जेंटिनाची, 'रेबेल्दे वे', २००२ ची. तिथल्या चार कलाकारांचा 'एररेवे' हा बँड खरोखरच गाजला. मेक्सिकोने २००४ मध्ये तीच गोष्ट 'रेबेल्दे' म्हणून केली, त्यातून 'आरबीडी' हा बँड निघाला, आणि २०२३ मध्ये त्यातले पाच जण पुन्हा एकत्र दौऱ्यावर निघाले तेव्हा स्टेडियमची स्टेडियमं भरली. आपल्याकडे २००६ मध्ये मालिका संपली आणि चौघं आपापल्या वाटेने गेले. करण वाही पुढे खूप दिसत राहिला, त्याचा आनंदच आहे. पण त्या चौघांना एकदा तरी खऱ्या स्टेजवर एकत्र गाताना बघायला मी नागपूरहून मुंबईला नक्की गेले असते, आजही जाईन.

तुम्ही पाहणार असाल तर सुरुवातीचे, बँड जुळायच्या आधीचे भाग सोडू नका. टिया आणि अन्वेषाची खरी जुगलबंदी तिथेच आहे.