अमेरिकेत क्लिअरन्सची नोकरी मिळतेय पण कर्ज थकलंय, नाकारतील का?

तुम्ही लिहिलंय की मेरीलँडमधे एका डिफेन्स कॉन्ट्रॅक्टरची ऑफर आलीये, सिक्रेट क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळायची परवानगी, लागणार आहे, पण लेऑफच्या काळात दोन क्रेडिट कार्डं आणि हॉस्पिटलचं बिल थकून कलेक्शनला, म्हणजे वसुली कंपनीकडे, गेलंय, शिवाय भावाच्या पुण्यातल्या होम लोनला तुम्ही जामीनदार आहात, तर आत्ता अर्ज करू की सगळं फेडून मग करू?

अर्ज करा. पण फेडायला आजच सुरुवात करा, फॉर्म हातात यायची वाट बघू नका. मी व्हर्जिनियात अशाच एका कंपनीत सिक्युरिटी ऑफिसर आहे, लोकांचे एसएफ-८६, म्हणजे क्लिअरन्सच्या अर्जाचे, फॉर्म तपासून पुढे पाठवणं हेच माझं काम. वकील नाहीये, त्यामुळे कोर्टाची नोटीस वगैरे आली असेल तर ते वकिलालाच दाखवा. आणि तुम्ही अमेरिकन नागरिक आहात असं धरून लिहितेय, कारण ग्रीन कार्डवर क्लिअरन्स मिळत नाही.

पहिली गोष्ट, इतके डॉलर थकले की माणूस बाद, असा आकडा कुठल्याच नियमात नाही. क्लिअरन्स द्यायचं की नाही हे ठरवायला २०१७ पासून जो नियम लागू आहे, सीड-४ म्हणतात त्याला, त्यात तपासायचे १३ मुद्दे आहेत आणि पैशांचा मुद्दा म्हणजे गाइडलाइन एफ. माझ्याकडे येणाऱ्या अडचणींत सगळ्यात जास्त याच मुद्द्याच्या असतात. यामागे एक भीती अशी की कर्जात बुडालेला माणूस विकला जाऊ शकतो, आणि ती काल्पनिक नाहीये, सीआयएचा आल्ड्रिच एम्स घटस्फोटामुळे कर्जात होता, १९८५ मधे स्वतःहून सोव्हिएत दूतावासात गेला, ५० हजार डॉलर घेतले आणि त्याने दिलेल्या नावांमुळे कितीतरी माणसं जिवानिशी गेली, पकडला गेला तो थेट १९९४ मधे. पण तुमच्या-माझ्यासारख्यांच्या बाबतीत खरा प्रश्न साधा असतो, हा माणूस घेतलेली जबाबदारी पाळतो का.

लेऑफ, आजारपण, घटस्फोट, ही कारणं नियमात चक्क लिहिलेली आहेत, म्हणजे ती ग्राह्य धरतात. पण त्याच वाक्यात पुढे असंही आहे की त्या परिस्थितीत तुम्ही जबाबदारीने वागलात का, आणि लोक नेमका हाच अर्धा भाग सोडून देतात. नोकरी गेली होती हो, हे सांगतात, पण नोकरी परत लागल्यावर कार्डवाल्याला फोन केला का, तर नाही. महिन्याला ५० डॉलरचा का होईना प्लॅन ठरवून घ्या, लेखी घ्या, दर महिन्याची पावती जपून ठेवा. आक्षेपांचं पत्र येतं त्याला एसओआर म्हणतात, ते आल्यानंतर घाईघाईत सगळं एकदम भरलं तर त्याला कमी वजन मिळतं, कारण मग दिसतं की नोकरी जाईल म्हणून भरलंय. क्लिअरन्सच्या सुनावण्या आणि अपिलं बघणाऱ्या ऑफिसचे, म्हणजे डोहाचे, निकाल नावं काढून इंटरनेटवर टाकलेले असतात, त्यातले पाच-दहा वाचाच, तुमच्यासारखी केस नक्की सापडेल.

एक गैरसमज मात्र फार लोकांना नडतो. सात वर्षं झाली, क्रेडिट रिपोर्टवरून गेलं, म्हणजे संपलं! तसं नाहीये. मुदत संपल्यामुळे कंपनी तुमच्यावर केस करू शकत नसेल, पण म्हणून तुम्ही प्रामाणिकपणे फेडलं असं कुणी मानत नाही. चार्ज-ऑफ झालं, म्हणजे बँकेने आपल्या हिशोबात ते बुडीत धरलं, म्हणून माफ झालं असंही नाही. आणि सगळ्यांचे हप्ते थांबवा, आम्ही सेटल करून देतो असं सांगणाऱ्या जाहिरातवाल्या कंपन्यांपासून लांब राहा, त्यांच्या नादाने चालू असलेली खातीसुद्धा थकतात. ना-नफा क्रेडिट काउन्सेलिंग संस्था असतात, नियमात त्यांचा उल्लेखच आहे, तिकडे जा.

फॉर्मच्या २६ व्या सेक्शनमधे मागच्या सात वर्षांत १२० दिवसांपेक्षा जास्त थकलेलं सगळं विचारतात, नंतर फेडलेलं असलं तरी. लिहा. तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडचे रिपोर्ट आधी काढा आणि समोर ठेवून भरा. कर्जामुळे जे निभावलं असतं ते लपवल्यामुळे हातचं जातं, कारण मग तो सचोटीचा मुद्दा होतो, आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता जामीनदारीचं. त्या सेक्शनमधे स्पष्ट म्हटलंय की को-सायनर किंवा जामीनदार म्हणून असलेली देणीसुद्धा धरा, आणि कर्ज भारतातलं आहे म्हणून सूट नाही. भावाचे हप्ते वेळेवर जात असतील तर थकबाकी म्हणून लिहिण्यासारखं काही नाही, पण "चाललंय रे व्यवस्थित" एवढ्यावर राहू नका, बँकेचं स्टेटमेंट मागवा. आपल्याकडे भावाला हप्त्यांबद्दल विचारणं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, मला कळतं ते, तरी विचारा.

आणि तुम्ही विचारलं नाहीये पण सांगते, एनआरई एफडीचं, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या ठेवीचं, व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत त्यावर टॅक्स लागतो, आणि भारतातल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर रक्कम गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. आपल्या बऱ्याच लोकांचं हे राहून गेलेलं असतं. टॅक्स न भरणं हे कार्डाच्या थकबाकीपेक्षा जास्त वाईट दिसतं, तेव्हा सीएला नाही, इथल्या टॅक्सवाल्याला गाठून आधीच दुरुस्त करा.

इंटरिम क्लिअरन्स, म्हणजे तपास पूर्ण होईपर्यंतची तात्पुरती परवानगी, कदाचित नाही मिळणार, त्याने घाबरू नका, तो अंतिम नकार नसतो, फक्त कंपनी तोवर थांबेल का ते एचआरला आत्ताच विचारून ठेवा. क्लिअरन्स मिळाल्यावरही क्रेडिटवर सतत लक्ष असतं, पुढे कधी १२० दिवस थकलं तर स्वतःहून कळवावं लागतं. आणि एसओआर आलंच तर उत्तराला साधारण २० दिवस मिळतात, मुदतवाढ लेखी मागता येते, प्रत्येक आक्षेपाला वेगळं उत्तर आणि सोबत पावती जोडा, सुनावणीही मागता येते आणि जमत असेल तर मागाच.