आयसीडी बंदच राहिलं, आता केस होईल का?

सांगलीच्या एका वाचकाचा मेल आहे, अशा धर्तीचे बरेच येतात म्हणून सगळ्यांसाठीच लिहितोय. वडिलांच्या छातीत आयसीडी (हार्टचा ठोका जीवघेणा बिघडला की आपोआप शॉक देऊन तो ताळ्यावर आणणारं मशीन), खांद्याचं ऑपरेशन, कॉटरीचा (ऑपरेशनमध्ये रक्तस्राव थांबवायला विजेने भाजणारं उपकरण) करंट मशीनला हार्टचाच गडबडलेला ठोका वाटून उगाच शॉक बसू नये म्हणून शॉक बंद केला आणि तो परत चालू करायचा राहून गेला. तीन आठवड्यांनी ते घरी कोसळले, वाचले पण मेंदूला इजा झाली. दुसऱ्या हॉस्पिटलात मशीन चेक केल्यावर हे कळलं.

केस होते. पण ऑपरेशनला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतायत, आणि हे तुम्ही मेलच्या पार शेवटच्या ओळीत सांगताय! ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69, तक्रार करायची मुदत दोन वर्षं. तुम्ही हॉस्पिटलला पत्रं लिहीत बसलात, ते "चौकशी चालू आहे" म्हणत राहिले, आणि पत्रांनी मुदत वाढत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. मशीन चेक केलं त्या दिवसापासून मोजा असं म्हणता येईल, मुद्दा चांगलाय, पण त्याच्या भरवशावर राहू नका. गोव्याच्या एका नर्सच्या पोटात ऑपरेशनमध्ये राहिलेला गॉज (जाळीदार कापडाची पट्टी) नऊएक वर्षांनी सापडला, तरी 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने तक्रार मुदतीबाहेर धरली, कारण एवढी वर्षं दुखत होतं तर आधीच तपासायला हवं होतं. उशीर माफ होऊ शकतो, पण "उत्तराची वाट बघत होतो" हे कारण घेऊन मी तरी ग्राहक आयोगापुढे उभा राहणार नाही.

आता पुरावा. हॉस्पिटल म्हणेल आम्ही शॉक थांबवायला मशीनवर नुसता मॅग्नेट ठेवला होता. मॅग्नेट काढला की शॉक साधारणपणे आपोआप चालू होतो, प्रोग्रॅमरने (मशीनचं सेटिंग बाहेरून बदलायचं उपकरण) बंद केला तर कोणीतरी चालू करेपर्यंत बंदच. म्हणून दुसऱ्या हॉस्पिटलातला मशीनचा पूर्ण प्रिंटआउट पहिला ताब्यात घ्या, आणि पहिल्या हॉस्पिटलकडे अ‍ॅनेस्थेशिया चार्टसकट सगळे पेपर लेखी मागा. 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे 72 तासांत द्यावे लागतात, पण जपून ठेवायचं बंधन तीनच वर्षांचं आहे.

डिस्चार्ज कार्डावर "आठवड्यात मशीन चेक करून घ्या" लिहिलेलं असून तुम्ही गेला नाहीत. हे ते उगाळणार, भरपाई थोडी कमी होऊही शकते. पण शॉक बंद असेपर्यंत पेशंट मॉनिटरवर ठेवायचा आणि चालू करूनच सोडायचा ही जबाबदारी त्यांची होती, कार्डावरच्या एका ओळीने ती तुमच्यावर ढकलता येत नाही.

किती मिळेल, एक्स्पर्ट लागेल का, हे पेपर बघितल्याशिवाय सांगत नाही. पोलीस केसचं सध्या डोक्यातून काढा, सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी टिकवायला फार ढोबळ निष्काळजीपणा दाखवावा लागतो. निकाल तीन ते पाच महिन्यांत लावावा असं कायद्यात आहे, प्रत्यक्षात वर्षं जातात. तक्रार मात्र याच आठवड्यात जिल्हा आयोगात टाका, राहिलेले पेपर नंतर जोडायची परवानगी मागता येते.