वाचक विचारतात: सॉकेट जुळलं, पण कॅबिनेटचं झाकण लागेल का?

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): सर, पहिल्यांदाच स्वतः गेमिंग पीसी असेंबल करतोय, बजेट तीन लाखांच्या आसपास. रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर, दुकानात बरेच दिवस पडून असलेला म्हणून स्वस्तात मिळतोय असा बी६५० मदरबोर्ड, आरटीएक्स ५०८० ग्राफिक्स कार्ड (लांबी ३३१ मिमी), १६ जीबीच्या डीडीआर५ रॅमच्या ४ स्टिक, ३६० चा लिक्विड कूलर पुढच्या बाजूला आणि एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा) माझा जुनाच ७५० वॅटचा. कॅबिनेटवर ३६० मिमीपर्यंतचं कार्ड बसेल असं लिहिलंय. प्रोसेसर आणि बोर्ड दोन्हीचं सॉकेट एएम५, म्हणजे जुळतंय, मग ऑर्डर देऊन टाकू ना?

उत्तर: थांबा जरा. सॉकेट जुळवणं हे या सगळ्यातलं सगळ्यात सोपं काम, ते खोक्यावरच छापलेलं असतं. खरी मारामारी होते ती मिलिमीटर, वॅट आणि केबलमध्ये, आणि तुमच्या यादीत तिन्हीकडे लोचा आहे.

आधी मिलिमीटर. कार्डाच्या लांबीचा तो ३६० चा आकडा बहुतेक कॅबिनेटमध्ये पुढे लिक्विड कूलरचा रेडिएटर नाही असं धरून दिलेला असतो. रेडिएटर साधारण २७ मिमी जाड, त्याला लागलेले पंखे २५, झाले ५२. कार्डाला उरले ३०८ आणि तुमचं कार्ड आहे ३३१, म्हणजे नाहीच बसणार. रेडिएटर वरच्या बाजूला लावता येतो पण तिथे ३६० ची जागा आहे का, पंखे रॅमला किंवा बोर्डाच्या हीटसिंकला अडतात का हे परत बघत बसा. माझं विचाराल तर लिक्विड कूलरच यादीतून काढा. ९८००एक्स३डी चा टीडीपी (कूलर निवडायला कंपनी देते तो उष्णतेचा आकडा) १२० वॅट लिहिलेला असला तरी गेम खेळताना तो बहुतेक वेळा त्याच्या बराच खाली असतो, थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई सारखा दोन टॉवरचा एअर कूलर त्याला आरामात सांभाळतो. त्याची उंची १५५ मिमी आहे, कॅबिनेटची कूलरसाठीची मर्यादा त्याहून जास्त आहे ना तेवढं तपासा.

वाचलेले पैसे एसएमपीएसमध्ये घाला. ५०८० एकटं ३६० वॅटपर्यंत जातं, प्रोसेसर सगळा जोर लावला तर १६२, वर बोर्ड, पंखे, एसएसडी धरा, ६०० च्या आसपास जातो हिशोब. मग ७५० पुरेल की असं वाटतं, पण ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी ठरल्यापेक्षा बरंच जास्त ओढतं आणि नेमका तेव्हाच जुना एसएमपीएस हात वर करतो, गेम ऐन रंगात आलेला असताना पीसी फटकन बंद. एनव्हीडिया स्वतः ५०८० साठी ८५० वॅट सांगते. तेवढाच घ्या, पण एटीएक्स ३.१ या नव्या मानकाचा घ्या, म्हणजे कार्डाला लागणारी १६ पिनची केबल सोबतच मिळते. नाहीतर कार्डासोबतच्या अडॅप्टरला ८ पिनच्या तीन वेगवेगळ्या केबल लावाव्या लागतात, आणि वेगवेगळ्या म्हणजे खरंच वेगवेगळ्या, एकाच केबलला दोन तोंडं असलेली लावून भागवू नका.

ती १६ पिनची केबल पूर्ण आत गेली पाहिजे. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० कार्ड आलं तेव्हा काही जणांचे प्लग वितळले होते, एनव्हीडियाचं म्हणणं पडलं की प्लग नीट आत बसलेला नव्हता. पुढे १२व्ही-२एक्स६ नावाने सुधारित कनेक्टर आला, त्यात सेन्स पिना (प्लग बसलाय का हे कार्डाला कळवणाऱ्या छोट्या पिना) आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्डाने वीज ओढूच नये. तरी टॉर्च मारून बघा, फट दिसता कामा नये, आणि प्लगच्या तोंडाशीच केबल दुमडू नका. कॅबिनेटची काच जोर लावून बंद करावी लागत असेल तर कॅबिनेट अरुंद आहे, लांबी बघितली आणि रुंदी विसरली असं पुष्कळांचं होतं. अजून एक, जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावायच्या नाहीत, प्लग बसला तरी नाही. मॉड्युलर म्हणजे सुट्या निघणाऱ्या केबलची एसएमपीएसकडची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, एसएसडी-हार्डडिस्क जळतात त्याने.

रॅमच्या ४ स्टिक नको, ३२ च्या २ घ्या. रायझन ९००० ला ४ स्टिक लावल्या की एएमडीचा अधिकृत वेग ३६०० वर येतो, २ स्टिकला तो ५६०० आहे, आणि ६००० वेगाचं, सीएल३० (रॅमचा प्रतिसाद किती झटपट त्याचा आकडा) आणि एक्स्पो (एएमडीवर रॅम जास्त वेगाने चालवायची तयार सेटिंग) असलेलं किट लावलंत तर बहुतेक बोर्डांवर निवांत चालतं. बोर्डावर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळाच राहील, तेव्हा घाबरून स्विच बंद करू नका, रॅम ट्रेनिंग चालू असतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो.

राहिला स्वस्तातला बोर्ड. बी६५० आला २०२२ मध्ये, ९८००एक्स३डी नोव्हेंबर २०२४ मध्ये, त्यामुळे पडून असलेल्या बोर्डाला जुन्या बायोसवर (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) हा प्रोसेसर ओळखूच येणार नाही. बोर्डावर मागच्या पोर्टांजवळ फ्लॅशबॅकचं बटण असेल तर एफएटी३२ पेनड्राइव्ह लावून प्रोसेसर न बसवताही बायोस बदलता येतं. बटण नसेल तर दुकानदाराकडून अपडेट करूनच घ्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काय आणि नाशकात काय, पैसे देण्याआधी सांगितलं तर करून देतात, नंतर फोन उचलत नाहीत.

प्रश्न (जालन्याहून एक ताई): मुलाला आरटीएक्स ५०७० टीआय ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी घेतोय. आमच्याकडे लाइट सारखी जाते. दुकानदार म्हणतो ६०० व्हीएचा यूपीएस भरपूर झाला. खरं आहे का?

उत्तर: नाही ताई. ६०० व्हीए म्हणजे बहुतेक मॉडेलमध्ये ३६० वॅट, आणि त्यातलं एकटं कार्डच ३०० वॅटपर्यंत खातं. ऑफिसच्या पीसीला तो भरपूर आहे, इथे मात्र गेम चालू असताना लाइट गेली की लाइटीसोबत यूपीएसही जाईल. खोक्यावर व्हीए न बघता वॅट बघा, ६०० वॅटच्या खाली जाऊ नका, आणि प्युअर साइन वेव्हचा (घरच्या लाइटीसारखाच करंट देणारा) परवडला तर उत्तमच. तोही फक्त सेव्ह करून बंद करण्यापुरता, तासभर खेळायला नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. त्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, तो पीसीचा दोष नसतो. नेहमीच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर हा पीसी चालतो, पण त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर इस्त्री नको.

प्रश्न (कोल्हापूरहून एक वाचक): रॅमचे भाव बघून डोळे पांढरे झाले राव. माझी जुनी ३२ जीबी डीडीआर४ नवीन पीसीत चालवू का?

उत्तर: २०२५ च्या शेवटाला एआयच्या डेटा सेंटरनी रॅमचे भाव पार चढवले, त्यामुळे विचार चुकीचा नाही. पण एएम५ वर नाही चालणार, इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० च्या बोर्डांवरही नाही. पिना दोन्हीकडे २८८ च, पण खाच वेगळ्या जागी असते, बळजबरी केलीत तर स्लॉट तुटेल. डीडीआर४ ठेवायचीच तर इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीसाठीचा एलजीए १७०० बोर्ड बघा, त्यातही नावात डी४ असलेला, कारण त्याच सॉकेटचे डीडीआर५ वाले बोर्डही येतात. १३व्या-१४व्या पिढीतला मोठा प्रोसेसर घेतलात तर पहिलं काम बायोस अपडेट. जास्त व्होल्टेजने त्यांच्यात क्रॅश होत होते, इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटीही २ वर्षं वाढवली. सेकंडहँड तर मी घेणारच नाही, आधीच्या मालकाने तो कसा चालवलाय कुणाला माहीत.

प्रश्न (पुण्याहून एक विद्यार्थी): दादा, ५०८० घेतोय, मॉनिटर जुना १०८०पी ६० हर्ट्झचा आहे, चालेल ना?

उत्तर: चालेल रे, पण कशाला? कार्ड कितीही फ्रेम काढू दे, तुला दिसणार सेकंदाला ६० च. एक पायरी खालचं ५०७० टीआय घे, त्यातही १६ जीबीच मेमरी आहे, आणि उरलेल्या पैशात १४४०पी चा १६५ हर्ट्झ किंवा त्यावरचा मॉनिटर बघ. आणला की केबल ग्राफिक्स कार्डालाच लाव, बोर्डाच्या एचडीएमआयला नको, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघ, बऱ्याचदा तो तिथे ६० वरच असतो.