पहिल्या हॉट रॉडसाठी स्टिअरिंग बॉक्स

फोर्डच्या जुन्या मॉडेल ए गाडीच्या चॅसीवर (सांगाड्यावर) पहिलीच हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी सुधारून केलेली वेगवान गाडी, बांधतोयस ना, मग 1948 ते 1952 च्या फोर्ड एफ-1 ट्रकचा स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी) शोध. याची ड्रॅग लिंक (बॉक्सकडून पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा) चॅसीच्या कडेने पुढे-मागे चालते. शेव्हरोले व्हेगा गाडीचा बॉक्स आडव्या लिंकसाठी, दोन्हींची भेसळ नको.

घेताना:

- शाफ्ट हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. मध्यभागी किंचित घट्ट लागणं ठीक, पण खरखर लागली तर ठेवून दे.
- बॉक्स चॅसीला बसवायच्या बोल्टच्या कानांवर तडे बघ. रंग फासलेला असेल तर खरवडून बघ, विकणारा कितीही कुरकुरला तरी.
- पिटमन आर्म (बॉक्स आणि ड्रॅग लिंक जोडणारा तुकडा) सोबतच माग.

स्टिअरिंगमध्ये ढिलाई दिसली की नवखे अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळत सुटतात. मग वळणावरून स्टिअरिंग आपोआप सरळ परतत नाही. बॉक्स उघडून नव्याने जुळवण्याचं, म्हणजे रीबिल्डचं, नंतर बोलू.