सुवर्णमहोत्सवाचं एव्ही कोटेशन: कात्री कुठे लावायची

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पतसंस्थेची पन्नाशी, पवईतल्या हॉटेलचा बँक्वेट हॉल, संध्याकाळी सहा ते दहा, ३०० माणसं. सत्कार, भाषणं, शेवटी तासभर भावगीतं. एव्हीचं, म्हणजे आवाज, पडदे आणि दिवे यांचं, कोटेशन ४,४५,८०० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ५,२६,०४४. समितीची मर्यादा साडेतीन लाख. आणि खजिनदारांचं म्हणणं, हॉल सोडून लॉन घेतलं तर स्वस्त पडेल.

लॉनचा विषय आधी संपवतो. पडणार नाही. उघड्यावर आवाज टिकत नाही, म्हणून स्पीकर जास्त लागतात, दिवे जास्त लागतात, जनरेटर लागतोच, वर पावसाची धास्ती. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सवलतीचे मोजके दिवस सरकार ठरवतं, तुमची पन्नाशी त्यात बसत नाही. सहाचा कार्यक्रम पावणेसातला सुरू होणार, पाहुणे वीस मिनिटांऐवजी पन्नास मिनिटं बोलणार, आणि भावगीतं ऐन रंगात आली की पावती घेऊन हवालदार उभा. बंद सभागृहाला तो नियम तसा लागू नाही. हॉलच घ्या.

आता कोटेशन. मी अठरा वर्षं मुंबईत संस्थांचे आणि कंपन्यांचे कार्यक्रम उभे करतोय. त्यातली पहिली पाच वर्षं व्हेंडरच्या बाजूने बसून अशीच कोटेशनं टाइप केली आहेत, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो. ‘सुवर्णमहोत्सव, ३०० लोक, चांगलं करा’ एवढंच कुणी फोनवर सांगितलं की आम्ही सगळं टाकायचो. लबाडी म्हणून नाही. आयत्या वेळी ‘अहो, साइड स्क्रीन नाही का?’ असं अध्यक्षांनी विचारलं तर शिव्या आम्हालाच पडायच्या. तुम्ही जे ठरवलेलं नसतं त्याचे पैसे व्हेंडर धरून ठेवतो. तेव्हा दहा टक्के कमी करा म्हणून घासाघीस करण्याआधी कार्यक्रमपत्रिका मिनिटांसकट लिहा: मंचावर एका वेळी किती माणसं, किती जण बोलणार, व्हिडिओ किती, गायक-वादक कोण. तो कागद व्हेंडरच्या हातात दिला की अर्धं कोटेशन आपोआप गळतं. उरलेल्यासाठी ‘किती कमी कराल?’ असं विचारू नका, ‘हे काढलं तर किती कमी होतील?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नावर तो दर कमी करतो आणि गुपचूप माणूस कमी पाठवतो. दुसऱ्यावर त्याला ओळ खोडावी लागते.

तुम्ही टाकलेल्या ओळी एकेक करून बघू.

एलईडी वॉल. मुख्य २४×१० फूट, बाजूला ८×६ च्या दोन, मिळून ३३६ चौरस फूट, ३०० च्या दराने १,००,८००. इथे सगळ्यात जास्त चरबी आहे. बाजूच्या भिंती रुंद हॉलमध्ये लागतात, जिथे कडेच्या टेबलांना मुख्य पडदा तिरका दिसतो. तुमचा हॉल लांबट आहे, त्या काढा. आणि २४×१० हे माप कशासाठी? तुमचे व्हिडिओ आणि स्लाइड १६:९ मध्ये, म्हणजे टीव्हीच्या पडद्याच्या प्रमाणात, असणार. इतक्या आडव्या भिंतीवर मधे चित्र आणि दोन्हीकडे रिकाम्या पट्ट्या राहतील, मग त्या भरायला डिझायनरला वेगळे पैसे. पॅनल बहुधा अर्ध्या मीटरचं चौकोनी असतं. आडवी दहा आणि उभी सहा लावली की ५×३ मीटर, म्हणजे १६१ चौरस फूट. ३०० लोकांना भरपूर. त्याचे ४८,३०० होतात. एका ओळीत ५२,५०० वाचले.

त्याच ओळीत पिच कोणता ते लिहून घ्या. पिच म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. ढोबळ हिशोब असा की जितके मिलिमीटर, निदान तितक्या मीटरवर पहिली रांग हवी. तुमच्या मंचापासून पहिली खुर्ची पाच मीटरवर असेल तर ३.९ चा पिच पुरतो, २.६ चे जास्तीचे पैसे कशाला? अपवाद एकच: स्लाइडवर ताळेबंदाचे बारीक आकडे दाखवणार असाल तर. पन्नाशीच्या कार्यक्रमात ताळेबंद दाखवू नका, ही माझी वेगळी विनंती.

‘प्रोजेक्टर स्वस्त पडेल ना?’ असंही तुम्ही विचारलंय. भाड्याने स्वस्तच पडतो. पण सत्काराच्या वेळी मंचावर उजेड हवा आणि प्रोजेक्टरला अंधार हवा, दोघांचं भांडण होतं. मंचाच्या बाजूला, उजेडापासून लांब पडदा लावता येत असेल तर विचार करा. नाहीतर छोटी वॉल बरी.

जनरेटर, ३५,०००. हॉटेलकडे स्वतःचा बॅकअप असतो, हे व्हेंडरला माहीत असतं. त्याने तो धरला कारण हॉलमध्ये किती वीज मिळेल हे तुम्ही त्याला सांगितलं नाही. बँक्वेट मॅनेजरकडून लेखी घ्या: हॉलमध्ये थ्री-फेज किती अँपिअरचं कनेक्शन, मंचापासून किती लांब, बॅकअपवर आहे का. ६३ अँपिअर थ्री-फेज म्हणजे साधारण ४३ केव्हीए (किलोवॉटच्या जवळचं माप). तुमची लहान केलेली वॉल, साउंड आणि एलईडीचे दिवे मिळून २० किलोवॉटच्या आतच राहतील. पूर्वी एकेक पारचा (मंचावर झोत टाकणारा जुना) दिवा हजार वॉटचा असायचा, वीस लावले की २० किलोवॉट नुसत्या उजेडात जायचे, तेव्हा जनरेटर खरंच लागायचा. तो काळ गेला, ओळ मात्र कोटेशनमध्ये राहिली. मिक्सर, स्विचर (वॉलवर कुठलं चित्र जाईल ते बदलणारं यंत्र) आणि लॅपटॉप यांच्यासाठी यूपीएस तेवढा मागा, कारण बॅकअप चालू होईपर्यंतच्या काही सेकंदांतच सगळं रीस्टार्ट होतं आणि नेमके तेव्हाच अध्यक्ष बोलत असतात.

लाइट आणि ट्रस (दिवे टांगायचा धातूचा सांगाडा), ८५,०००. यात आठ शार्पी (हवेत बारीक झोत फेकणारे फिरते दिवे) २४,००० च्या आणि त्यांना टांगायला १६,००० चा जादा ट्रस आहे. शार्पीचा झोत हवेत दिसायला धूर लागतो आणि बऱ्याच हॉटेलांत स्मोक डिटेक्टरमुळे धुराला परवानगी नसते. म्हणजे ४०,००० रुपये देऊन छतावर आठ गोल ठिपके. काढा. पण समोरून पांढरा उजेड, चेहऱ्यावर पडणारा, त्यात एक दिवाही कमी करू नका. सत्काराचे फोटो पुढची पन्नास वर्षं ऑफिसच्या भिंतीवर लागणार आहेत आणि नुसत्या निळ्या-जांभळ्या दिव्यांत सत्कारमूर्ती आजारी दिसतात.

साउंड, ९०,०००. याला मी हात लावणार नाही. तबला, हार्मोनियम, दोन गायक, निवेदिका, त्यांचे मॉनिटर (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) आणि मागच्या टेबलांसाठी वेगळे स्पीकर, एवढं आलं की ही रक्कम जास्त नाही. यादीत ‘लाइन अरे’ (एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरची माळ) असेल तर एवढ्या हॉलला तो गरजेचा आहे का, एवढं विचारा. भाषणांसाठी दोन कॉर्डलेस आणि पोडियमचा एक मायक्रोफोन पुरे. कॉलरला लावायचे लेपल माइक दहा नकोत, मंचावर चढताना कुणी लावून घेत नाही. एक जास्तीचा वायरचा मायक्रोफोन मात्र कायम मंचाखाली तयार असू द्या. स्वस्तातले कॉर्डलेस २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तिथेच वाय-फाय असतं, आणि ३०० फोन हॉलमध्ये शिरल्यावर रिहर्सलला ठणठणीत असलेला माइक तुटायला लागतो. यूएचएफचेच, म्हणजे वाय-फायपेक्षा वेगळ्या लहरींवरचे, आहेत ना, विचारा.

दोन कॅमेरे, स्विचर आणि लाइव्ह, ७५,०००. ठेवा. वॉलवर वक्त्याचा चेहरा मोठा दिसला तरच मागच्यांना कार्यक्रम कळतो, म्हणून तर बाजूच्या दोन वॉल काढता येतात. लाइव्हसाठी दोन गोष्टी. यूट्यूब चॅनेलवर लाइव्ह पहिल्यांदा सुरू करायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, तेव्हा संस्थेच्या चॅनेलवर आठवडाभर आधी ते करून टाका. आणि हॉटेलचं इंटरनेट ‘फ्री वाय-फाय’ म्हणून धरू नका. केबलची स्वतंत्र लाइन, निदान १० एमबीपीएस अपलोड, आणि तिचे पैसे आधी विचारून घ्या, कारण हे बिल एव्हीत येत नाही, हॉटेलच्या बिलात गुपचूप येतं.

राहिली ‘मनुष्यबळ, वाहतूक, इतर’, ६०,०००. ही ओळ म्हणजे तारखेचा आणि वेळेचा दंड. हॉल तुमच्या ताब्यात कधी येणार? दुपारी त्याच हॉलमध्ये साखरपुडा असेल आणि चार वाजता रिकामा होणार असेल, तर दोन तासांत वॉल उभी करायला व्हेंडर दुप्पट माणसं आणतो आणि टेम्पो बाहेर उभा ठेवतो. हॉल सकाळपासून मिळाला तर चार माणसं आरामात करतात. बँक्वेट मॅनेजर दुपारची पाळी विकायला बघणारच, पण जिथे दुपार विकली गेलेली नाही असा आठवड्यातला दिवस मागितला तर बहुतेक वेळा सकाळचा ताबा फुकटात मिळतो. मग इथे ४०,००० वर यायला हरकत नाही. ‘इतर’ म्हणजे काय, तेही लिहून घ्या. आणि रात्री किती वाजल्यानंतर ओव्हरटाइम, तासाला किती, हे आज ठरवा.

तारीख अजून पक्की नसेल तर तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त टाळा, गणपती आणि नवरात्रही टाळा. गणपती आणि नवरात्र यांच्या मधल्या पंधरवड्यात मुंबईतले सगळे साउंडवाले रिकामे असतात आणि दर हसत कमी करतात. पण तो पितृपक्ष. तुमच्या समितीत हे सुचवायची हिंमत असेल तर बघा, मी एकदा सुचवलं होतं, अजून टोमणे खातोय.

हॉटेलला आगाऊ रक्कम देण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: बाहेरचा व्हेंडर आणला तर शुल्क किती? काही हॉटेलं ठरावीक एव्हीवाल्याशिवाय कुणाला आत घेत नाहीत, काही बाहेरच्यावर आकार लावतात. पैसे भरल्यावर विचारलंत तर तो आकार खाली येत नाही. त्याच बैठकीत गाण्यांचा परवाना विचारा, आयपीआरएस (गीत-संगीताच्या हक्कांची) आणि पीपीएल (ध्वनिमुद्रणाच्या हक्कांची) या दोन वेगळ्या संस्था आहेत, आणि गाणी वाजवायची तर हॉटेल त्यांचे कागद मागतं.

एक गोष्ट मी स्वतः बचत म्हणून केली आणि तोंडघशी पडलो. दादरला एका संस्थेचा कार्यक्रम होता, मी रिहर्सलचे तीन तास वाचवले. सचिवांनी आयत्या वेळी पेनड्राइव्हवर स्लाइड आणल्या. त्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होत्या. व्हेंडरच्या लॅपटॉपवर तो फाँट नव्हता, आणि संस्थापकांच्या नावाच्या जागी एलईडीवर ‘¥ÉÉ’ छापाची अक्षरं, सोळा फूट रुंद. संस्थापकांच्या सूनबाई पहिल्या रांगेत. तेव्हापासून स्लाइड पीडीएफमध्ये, व्हिडिओ एमपी४ मध्ये, आदल्या दिवशी दुपारपर्यंत, आणि सगळं दोन लॅपटॉपवर. रिहर्सलचे पैसे कुणी कितीही म्हटलं तरी कापत नाही.

बेरीज करू: वॉल ४८,३००, साउंड ९०,०००, लाइट ४५,०००, कॅमेरे ७५,०००, माणसं आणि वाहतूक ४०,०००. एकूण २,९८,३००. जीएसटी ५३,६९४. कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, त्यामुळे भरलेल्या कराची वजावट पतसंस्थेला फारशी मिळत नाही, तो खर्चच धरा, सीएंना एकदा विचारून घ्या. झाले ३,५१,९९४. समितीच्या मर्यादेपेक्षा १,९९४ जास्त, तेवढे व्हेंडर सोडेल. न सोडल्यास पुष्पगुच्छ छोटे आणा.

कार्यक्रमपत्रिका तयार झाली की इथेच टाका, आणि हॉलचं छत किती उंच आहे तेही. दहा फुटांचं असेल तर तीन मीटरची वॉल मंचावर बसणार नाही आणि माझा वरचा हिशोब पुन्हा करावा लागेल.